ऑनलाइन बातमीचा संदर्भ कसा द्यायचा: खानदेशातल्या नव्या संशोधकांसाठी

खानदेशावर लघुप्रबंध किंवा प्रबंध लिहायचा म्हटलं की वर्तमानपत्राशिवाय गत्यंतर नसतं. रावेर-यावल पट्ट्यात केळीवर करपा पडला, गिरणेचं आवर्तन लांबलं, धडगावच्या पाड्यावरून आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणावं लागलं, पाण्याच्या टँकरवरून एखाद्या गावची ग्रामसभा तापली, या गोष्टी पुस्तकात यायला वर्षं लागतात आणि बऱ्याचशा कधीच येत नाहीत. त्या येतात जिल्हा पानावर, तीन-चार परिच्छेदांत, आणि आता वेबसाइटवर. म्हणून आपल्याकडच्या समाजशास्त्राच्या, राज्यशास्त्राच्या किंवा पत्रकारितेच्या विद्यार्थ्याची संदर्भसूची उघडली की बातम्यांची गर्दी दिसते.

आणि काम कच्चं राहतं ते नेमकं तिथेच. कुठे नुसतं वर्तमानपत्राचं नाव आणि वर्ष, कुठे 'गूगलवरून साभार', कुठे अर्धं पान भरणारी आणि न उघडणारी लिंक. पुण्या-मुंबईच्या घटनेला दहा ठिकाणी दाखला मिळतो. बोदवडच्या किंवा अक्कलकुव्याच्या घटनेला बहुतेक वेळा एकच असतो. तो संदर्भ तुटला तर पुढच्या अभ्यासकाला ती घटना घडली हे सिद्ध करता येत नाही. म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यात उरकायचं नाही, एवढं आधी मनाशी पक्कं करा.

अनोळखी वाचकाला नेमक्या त्याच मजकुरापर्यंत पोचवणं, संदर्भाचं काम इतकंच. कोणी लिहिलं, कधी, मथळा काय, कुठे प्रसिद्ध झालं आणि आता कुठे सापडेल, ही पाच उत्तरं मिळाली की एपीए, एमएलए, शिकागो यांपैकी संदर्भ लिहिण्याच्या कोणत्याही ठरलेल्या पद्धतीत मांडणी करता येते.

आधी शोध, आणि शोधताना शुद्धलेखन

बातम्या शोधताना मराठीची स्वतःची अडचण आहे. 'खानदेश' आणि 'खान्देश', 'नंदुरबार' आणि 'नंदूरबार', 'चाळीसगाव' आणि 'चाळीसगांव', ही दोन्ही रूपं छापली जातात. दोन्ही टाकून शोधा. गावाच्या नावाचं सामान्यरूपही वेगळं टाका: मथळ्यात 'शहादा' कमी आणि 'शहाद्यात', 'शहाद्याच्या' जास्त येतं. 'धुळे' शोधून न मिळालेली बातमी 'धुळ्यात' टाकल्यावर मिळते.

जुन्या बातम्या चाळत असाल तर जिल्ह्याच्या सीमाही लक्षात ठेवा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्याआधीची तळोद्याची किंवा नवापूरची बातमी धुळे जिल्ह्याची म्हणून छापलेली असणार. आणखी मागे गेलात तर जळगावऐवजी पूर्व खानदेश आणि धुळ्याऐवजी पश्चिम खानदेश भेटेल. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतले प्रबंध ठेवलेल्या संकेतस्थळावर, आपल्याच भागातले जुने प्रबंध पाहतानाही हाच प्रकार. विद्यापीठ १९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून सुरू झालं आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव मिळालं, म्हणून दोन्ही नावांनी शोधावं लागतं.

वाचलं त्याच दिवशी नोंद

बातमी कामाची वाटली की लगेच एक्सेलमध्ये किंवा वहीत एक ओळ लिहा: लेखकाचं नाव जसं छापलं असेल तसं, मथळा, वर्तमानपत्र, आवृत्ती, प्रसिद्धीची तारीख, अपडेटची तारीख असल्यास ती, लिंक, आणि तुम्ही ती कोणत्या दिवशी पाहिलीत. शेवटच्या रकान्यात या बातमीतून नेमकं काय घ्यायचंय ते एका वाक्यात. हा रकाना सगळे सोडून देतात. मग सहा महिन्यांनी लिंक समोर असते आणि ती का ठेवली होती ते आठवत नाही.

त्याच बैठकीत बातमीची प्रत स्वतःकडे ठेवा. ब्राउझरमध्ये प्रिंटचा पर्याय घेऊन पीडीएफ म्हणून सेव्ह करा. तिथे 'हेडर आणि फूटर' ही खूण चालू ठेवली तर पानाच्या कडेला तारीख आणि लिंक आपोआप छापली जाते. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्या, म्हणजे २०२४-०६-१२ आणि पुढे दोन शब्द. सगळ्या फाइल आपोआप तारीखवार लागतात. मोबाइलवर असाल तर स्क्रीनशॉटमध्ये वरचा पत्ता दिसेल असं बघा.

ही प्रत तुमच्यासाठी झाली. वाचकासाठी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, बातमी जतन करून ठेवा. 'सेव्ह पेज नाऊ' या चौकटीत लिंक टाकली की पानाची एक प्रत तिथे राहते आणि तिला स्वतःची वेगळी लिंक मिळते. त्या लिंकमध्ये चौदा आकड्यांची एक रांग असते: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. ही वेळ आपली नसते, जागतिक प्रमाणवेळ असते, आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. त्यामुळे १३ जूनच्या पहाटे दोन वाजता जतन केलेल्या पानावर १२ जूनची तारीख दिसेल. तोंडी परीक्षेत कोणी विचारलं तर उत्तर तयार असू द्या. काही वेबसाइट अशी प्रत काढू देत नाहीत. तेव्हा पीडीएफवरच भिस्त.

लिंक साफ करा

व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा फेसबुकवरून उघडलेल्या बातमीच्या लिंकला मागे लांब शेपूट असतं. प्रश्नचिन्हानंतर 'यूटीएम' किंवा 'एफबीसीएलआयडी' यांनी सुरू होणारा भाग तुम्ही कुठून आलात याची नोंद असतो, त्याचा बातमीशी संबंध नाही. तो कापा. मात्र कापल्यावर उरलेली लिंक नव्या खिडकीत उघडून पाहा, कारण काही वेबसाइटवर प्रश्नचिन्हानंतरच बातमीचा क्रमांक असतो आणि तो गेला की मुखपृष्ठ उघडतं. बातम्या गोळा करून दाखवणाऱ्या अ‍ॅपची लिंक तर देऊच नका. तिथून मूळ वर्तमानपत्राच्या पानावर जा आणि तिथली घ्या.

मराठी वेबसाइटवर आणखी एक गंमत दिसते. पत्त्याच्या पट्टीत सुबक देवनागरी असते, आणि कॉपी करून वर्डमध्ये चिकटवली की टक्क्याची चिन्हं आणि रोमन अक्षरं-आकडे यांची लांबच लांब माळ उतरते. नवखे विद्यार्थी घाबरतात, काहीतरी बिघडलं म्हणतात. काहीही बिघडलेलं नसतं. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं संगणकात साठवण्याची प्रमाण पद्धत. तिच्या यूटीएफ-८ या प्रकारात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवलं जातं, आणि लिंकमध्ये प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह व दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हामागे नऊ जागा. 'नंदुरबार' या शब्दात अनुस्वार, उकार, काना धरून आठ चिन्हं आहेत. लिंकमध्ये त्यांची बहात्तर अक्षरं होतात. आठ-दहा शब्दांचा मथळा लिंकमध्ये असेल तर किती जागा जाईल ते दिसतंच आहे.

अशा लिंकचं करायचं काय? ती हाताने तोडू नका, मध्ये जोडरेघ घालू नका, एक अक्षरही बदलू नका. ओळ जिथे मोडते तिथे मोडू द्या. एपीए पद्धतीत लहान केलेली लिंक चालते, पण लिंक लहान करून देणाऱ्या सेवा बंद पडू शकतात, आणि मग मूळ पत्ताही हाती राहत नाही. माझं मत विचाराल तर संदर्भसूचीत पूर्ण लिंकच असावी, दिसायला कुरूप दिसली तरी.

आता टायपिंग सेंटरबद्दल. कॉलेजच्या आसपासच्या बऱ्याच सेंटरवर अजूनही श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये काम होतं. त्या फाँटमध्ये रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकृती बसवलेली असते. तुमची लिंक त्या फाँटमध्ये गेली की ती वाचता न येणारी मराठी होऊन छापली जाते, आणि हे छापील प्रत हातात पडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. सेंटरवाल्या दादांना आधीच सांगा: लिंकचा फाँट वेगळा, रोमन. शक्य असेल तर सगळा प्रबंधच युनिकोडमध्ये करून घ्या. शोधगंगेवर चढवल्यावर तो शोधता येईल आणि साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही मजकूर नीट वाचता येईल.

लेखक कोण?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबू.

बातमीवर बातमीदाराचं नाव असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर 'प्रतिनिधी', 'विशेष प्रतिनिधी', 'वृत्तसेवा', 'न्यूज नेटवर्क', 'ऑनलाइन टीम' असं काहीतरी असतं. विद्यार्थी सरळ 'प्रतिनिधी' हेच लेखकाच्या जागी लिहितात. मग अकारविल्हे लावल्यावर सूचीत 'प्रतिनिधी', 'प्रतिनिधी', 'प्रतिनिधी' अशी रांग लागते आणि मजकुरात '(प्रतिनिधी, २०२३)' वाचून कोणती बातमी ते कळत नाही. अशा वेळी लेखकाची जागा मोकळी सोडून मथळा पुढे आणायचा. एपीए आणि एमएलए दोन्हींत हीच रीत आहे. पीटीआयसारख्या वृत्तसंस्थेचं नाव मात्र लेखक म्हणून देता येतं, कारण ती ओळखता येणारी संस्था आहे.

अग्रलेखावर सहसा नाव नसतं. त्याचा मथळा पुढे घ्या आणि त्याला लागून चौकोनी कंसात [अग्रलेख] लिहा. बातमी आणि मत यांतला फरक वाचकाला कळणं गरजेचं आहे. संपादकाचं नाव माहीत आहे म्हणून ते अग्रलेखाला चिकटवू नका.

नाव असेल तेव्हा आडनाव आधी. इथे खानदेशाची खास अडचण येते: पाटील, चौधरी, महाजन, पवार, आणि नंदुरबारकडे गेलात तर पावरा, वळवी, वसावे, पाडवी. एका सूचीत चार-पाच पाटील सहज येतात, आणि आद्याक्षरांवर भागवलं तर दोन माणसं एक होऊन जातात. एपीए आद्याक्षरं मागतं, हे खरं. पण मराठी प्रबंधात मार्गदर्शकांची परवानगी घेऊन पूर्ण नाव लिहावं, असं मी आग्रहाने सांगेन. आद्याक्षरंच द्यायची झाली तर ती मराठी रिवाजाने, काना-वेलांटीसकट. धुळ्यात ज्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे त्या इतिहासाचार्यांचं नाव सूचीत 'राजवाडे, वि. का.' असंच येईल, 'व. क.' असं नाही. झोटेरोसारख्या संदर्भ साठवून सूची बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने आद्याक्षरं काढली असतील तर ही गोष्ट एकदा डोळ्यांखालून घाला.

मथळा आणि तारीख

मथळा छापला असेल तसा उतरवा. त्यातलं शुद्धलेखन तुमच्या मते चुकलेलं असलं तरी दुरुस्त करू नका, कारण वाचक तोच मथळा टाकून शोधणार आहे. गावाचं किंवा शहराचं नाव नंतर बदललं असेल तरी मथळ्यातलं जुनं नाव तसंच राहू द्या. ब्राउझरच्या टॅबवर मथळ्याला उभी रेघ देऊन पुढे वेबसाइटचं नाव आणि 'जळगाव बातम्या' असली शेपटी जोडलेली असते. ती मथळ्याचा भाग नाही.

तारखा दोन असतात, प्रसिद्धीची आणि अपडेटची. पानावर दोन्ही दिसत असतील तर दोन्ही नोंदवा. संदर्भात तुम्ही जो मजकूर वाचला त्याची तारीख हवी. मजकूर बदललेला आहे असं पानच सांगत असेल तर अपडेटची घ्या. अपघाताच्या, पुराच्या, मतमोजणीच्या बातम्या दिवसभर बदलत राहतात. मृतांचा आकडा सकाळी एक असतो आणि रात्री दुसरा. अशा बातमीला तुम्ही ती कधी पाहिली तेही लिहा. बाकीच्या बातम्यांना एपीए 'पाहिल्याची तारीख' मागत नाही, एमएलएमध्ये ती ऐच्छिक आहे. पण आपल्याकडचे बरेच विभाग ती मागतात, म्हणून नोंद असू द्या.

रात्री उशिरा वेबसाइटवर आलेली बातमी छापील अंकात दुसऱ्या दिवशीची असते, आणि मथळाही बहुधा वेगळा असतो. जी पाहिली तिचा संदर्भ द्या. ऑनलाइन वाचून छापील पानाचा क्रमांक देणं हा अप्रामाणिकपणा आहे, मग तो क्रमांक बरोबर का असेना.

मांडणी

आता एक बातमी हातात घेऊ. समजा मथळा असा आहे: 'केळीच्या भावासाठी रावेरमध्ये रास्ता रोको'. बातमी समजण्यापुरती धरलेली आहे. तारीख १२ जून २०२४, लेखकाच्या जागी फक्त 'प्रतिनिधी'.

एपीएच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे सूचीतली नोंद अशी:

केळीच्या भावासाठी रावेरमध्ये रास्ता रोको. (२०२४, जून १२). वर्तमानपत्राचं नाव. लिंक

मजकुरात: ("केळीच्या भावासाठी", २०२४)

बातमीदाराचं नाव असतं तर:

आडनाव, पहिलं नाव. (२०२४, जून १२). केळीच्या भावासाठी रावेरमध्ये रास्ता रोको. वर्तमानपत्राचं नाव. लिंक

मजकुरात: (आडनाव, २०२४)

एमएलएच्या नवव्या आवृत्तीत तीच बातमी:

"केळीच्या भावासाठी रावेरमध्ये रास्ता रोको." वर्तमानपत्राचं नाव, १२ जून २०२४, लिंक.

मजकुरात नुसतं ("केळीच्या भावासाठी"). ऑनलाइन बातमीला पान नसतं, म्हणून पानाचा क्रमांकही नाही.

शिकागो पद्धतीत वर्तमानपत्राचा संदर्भ बहुतेक वेळा तळटीपेतच देऊन भागवतात. इतिहास विभागात ही पद्धत भेटेल. तळटीपेत नावाचा क्रम उलटा करायचा नाही: पहिलं नाव, मग आडनाव, मग मथळा, वर्तमानपत्र, तारीख आणि लिंक.

कोणती पद्धत घ्यायची हे विभागाला विचारा. ते ठरलं की पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत तीच ठेवा. परीक्षक पद्धतीवरून क्वचित अडवतात, धरसोडीवरून हमखास अडवतात.

तिरप्या अक्षरांचा एक प्रश्न उरतो. एपीएत वर्तमानपत्राचं नाव तिरपं हवं. देवनागरीच्या बहुतेक फाँटना खरी तिरपी अक्षरं नसतात, सॉफ्टवेअर उभ्या अक्षरांना नुसतं कलतं करतं आणि मात्रा-वेलांट्या विचित्र दिसतात. मराठी प्रबंधात त्याऐवजी ठळक ठसा वापरावा, तो वाचायला सोपा जातो. मार्गदर्शकांना आधी दाखवून घ्या.

बातमी छापील वर्तमानपत्राच्या वेबसाइटवरची आहे की नुसत्या वृत्तपोर्टलवरची, हेही पाहावं लागतं. जळगाव-धुळ्याला तालुक्या-तालुक्यात पोर्टल निघाली आहेत आणि त्यांतली काही मेहनतीने चालतात. छापील वर्तमानपत्र असेल तर एपीएत वर्तमानपत्राचं नाव तिरपं (किंवा ठळक). पोर्टल असेल तर मथळा तिरपा आणि पोर्टलचं नाव साधं.

एकाच लेखकाच्या एकाच वर्षातल्या अनेक बातम्या असतील तर वर्षाला २०२४क, २०२४ख अशी खूण लावा आणि मजकुरातही तीच वापरा. अकारविल्हे लावताना संगणकावर पूर्ण विसंबू नका. युनिकोडच्या क्रमात 'ळ' हे 'ल'च्या लगेच पुढे येतं आणि 'क्ष' हे 'क'मध्ये जातं, तर आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. संगणकाने लावलेली यादी हाताने तपासा.

लेख इंग्रजीत लिहीत असाल आणि बातमी मराठी असेल तर एपीए मथळा रोमन लिपीत उतरवून पुढे चौकोनी कंसात त्याचा इंग्रजी अनुवाद मागतं. बातमीतलं वाक्य अनुवाद करून उद्धृत केलंत तर अनुवाद तुमचा आहे असं तळटीपेत एकदा सांगा. अनुवाद केला म्हणजे वाक्य आपलं झालं, असा समज बऱ्याच जणांचा असतो. तसं होत नाही. शब्द बदलले तरी माहिती त्या बातमीदाराची आहे आणि संदर्भ द्यावाच लागतो.

ई-पेपर आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची कात्रणं

ई-पेपर म्हणजे छापील पानाचं चित्र. त्याला आवृत्ती असते आणि पानाचा क्रमांक असतो, दोन्ही द्यायचे. जळगाव आवृत्तीत पहिल्या पानावर असलेली बातमी दुसऱ्या आवृत्तीत आत असेल किंवा नसेलच. जिल्हा पुरवणीचे पान क्रमांक वेगळे सुरू होत असतील तर 'पुरवणी, पान २' असं स्पष्ट लिहा. जुने अंक काही काळाने ई-पेपरवरून काढले जातात किंवा लॉगिनच्या आड जातात, त्यामुळे पीडीएफ इथे फार उपयोगी.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या कात्रणावर बहुधा वर्तमानपत्राचं नावही नसतं, तारीखही नसते. ते कात्रण संदर्भ होऊ शकत नाही, पण बातमीपर्यंत पोचण्याचा धागा नक्की होतं. त्यातलं एखादं वेगळं, पूर्ण वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा. नाही मिळालं तर कात्रणातले पुरावे पाहा: 'काल', 'मंगळवारी' असे वार, सभेची तारीख, अधिकाऱ्याचं पद, शेजारच्या अर्धवट बातमीतला मजकूर. त्यावरून महिना ठरतो. मग जिल्हा वाचनालय किंवा कॉलेजचं ग्रंथालय गाठा आणि त्या महिन्याचे अंक चाळा. ग्रंथपालांना विषय सांगून मदत मागितली तर काम निम्म्याने सोपं होतं. छापील अंक सापडला की तोच संदर्भ द्या, लिंकची गरजच नाही.

दुसऱ्याच्या प्रबंधात उद्धृत केलेली बातमी तुम्ही स्वतः पाहिली नसेल तर तसं सांगा: मूळ बातमीचा उल्लेख आणि पुढे '…मध्ये उद्धृत'. सूचीत येईल तो तुम्ही वाचलेला प्रबंध.

बातमीवर किती भार टाकायचा

संदर्भ देता आला म्हणजे तो पुरेसा आहे असं नव्हे. जिथे मूळ कागद मिळतो तिथे बातमीवर थांबू नका. बातमीत शासन निर्णयाचा उल्लेख असेल तर शासनाच्या संकेतस्थळावर जा. प्रत्येक शासन निर्णयाला क्रमांक, तारीख आणि संकेतांक असतो, तो द्या. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, याची मूळ नोंद चेन्नईच्या भौगोलिक निर्देशांक नोंदणी कार्यालयाकडे आहे. नंदुरबारमधल्या कुपोषणाचा आकडा बातमीतून उचलण्यापेक्षा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचं (२०१९–२१) जिल्ह्याचं पत्रक उघडा. बातमीचं बळ वेगळ्या जागी आहे. अंगणवाडी सेविका काय म्हणाल्या, मोर्चा कुठून निघाला, सरपंचांनी निवेदन कोणाला दिलं, हे सर्वेक्षणात नसतं. आकडा अहवालातून घ्या, प्रसंग आणि लोकांचं म्हणणं बातमीतून.

म्हणणं घेताना ते कोणाचं आहे ते सोडू नका. बातमीत 'असा आरोप शेतकऱ्यांनी केला' असेल तर प्रबंधात 'व्यापाऱ्यांनी लूट केली' होता कामा नये. 'असा आरोप शेतकऱ्यांनी केल्याचं वृत्त आहे' असंच लिहा. आरोप संदर्भासकट खरा करून टाकणं, हा दोष मला लिंक न उघडण्यापेक्षा गंभीर वाटतो. त्यात खऱ्या माणसांची नावं गुंतलेली असतात.

साम्य तपासणीची भीती बाळगून अवतरणं गाळू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर व संदर्भसूची या मोजणीतून वगळली जाते. अडचण येते ती बातमीचे परिच्छेद अवतरणचिन्हांशिवाय उचलल्यावर.

चॅटबॉटला 'या विषयावरचे वर्तमानपत्रातले संदर्भ दे' असं सांगून मिळालेली यादी कधीही जशीच्या तशी लावू नका. मथळा पटेल असा असतो, वर्तमानपत्र खरं असतं, तारीखही असते, आणि अशी बातमी कधी छापलेलीच नसते. जी बातमी तुम्ही स्वतः उघडून वाचली नाही ती सूचीत येता कामा नये. हा नियम मात्र कोणाच्याही सांगण्यावरून मोडू नका.

झोटेरो वापरायचं असेल तर

झोटेरो मोफत आहे आणि बातम्यांची संख्या वाढली की ते हाताशी असावं. ब्राउझरमधलं त्याचं बटण दाबलं की नोंद तयार होते. मराठी पानांवर ते सरळ उचलेलच असं नाही: प्रकार 'वेब पेज' पडला असेल तर 'न्यूजपेपर आर्टिकल' करा, लेखकाच्या जागी वेबसाइटचं नाव आलं असेल तर काढा, तारीख ताडून पाहा. प्रत्येक नोंद घेतल्या घेतल्या तपासली तर मिनिटभराचं काम असतं.

जमा करण्याआधी

प्रबंध बांधायला देण्याच्या आधी सूचीतली प्रत्येक लिंक ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडा. नेहमीच्या खिडकीत तुमचं लॉगिन चालू असतं, त्यामुळे तुम्हाला दिसणारं पान परीक्षकांना दिसेलच असं नाही. लिंक उघडली नाही तर क्रमाने तीन गोष्टी करून बघा. मथळा अवतरणचिन्हांत टाकून शोधा, कारण वेबसाइटची रचना बदलली की बातमी नव्या पत्त्यावर गेलेली असते. तिथे नसेल तर वेबॅक मशीनमध्ये जुनी लिंक टाका, कोणीतरी आधीच जतन केलेली असू शकते. तीही नसेल तर त्या तारखेच्या पुढच्या दिवसाचा छापील अंक वाचनालयात पाहा आणि पान क्रमांकासह त्याचा संदर्भ द्या. जतन केलेली प्रत मिळाली तर मूळ लिंकच्या जागी तिची लिंक देऊन पुढे 'वेबॅक मशीनवरील प्रत' एवढं लिहा. काहीच मिळालं नाही आणि तुमच्याकडे पीडीएफ असेल तर ती परिशिष्टात लावा आणि नोंदीच्या शेवटी 'प्रत परिशिष्टात, मूळ लिंक आता उघडत नाही' असं लिहून त्यापुढे तपासल्याची तारीख टाका.